पुरात पोहलेली गाडी विकणे आहे

माझ्या गाडीचा हॉर्न रत्नागिरीत वाजला की तिकडे गुहागरला लोक बोट आली म्हणून पिशव्या घेऊन उभे राहायचे. ज्या घाटीवरून शेळ्यासुद्धा बसून उतरतात, त्या घाटीवर ती मागच्या गिअरमध्ये चढायची. एकदा आंब्याच्या बहात्तर पेट्या, तीन माणसं आणि एक गाभण म्हैस घालून मी तिला आमच्या कातळावर आणली, आणि वर पोचल्यावर उतरवून घेताना मोजलं तर एक म्हैस आणि एक रेडकू. यातलं सगळं खरं आहे, फक्त म्हैस सोडून. आणि हॉर्न. घाटीही तशी इतकी उभी नाही.

गाडी होती मात्र जबरदस्त. लाल रंगाची, चारही चाकांना जोर असलेली. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा, तो ओढला की चिखल असो, वाळू असो, ती आपली हत्तीसारखी एकेक पाऊल टाकत निघायची. घराच्या दोन खोल्या मी गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचो आणि त्यांना स्टेशनवरून मीच घेऊन यायचो. पाहुणे खोल्यांसाठी येत नसत. खोल्यांत पाल होती. ते येत ते गोष्टींसाठी, आणि सगळ्यांत चालणारी गोष्ट होती पुराची.

ती अशी. जगबुडी नदीला पूर आलेला, खेडच्या बाजारात पाणी. तिथे माझी धाकटी बहीण घरात एकटी, नवरा बोटीवर नोकरीला, तेव्हा कुठल्यातरी समुद्रात. ती माळ्यावर अडकलेली. मी गाडी काढली, उतारावरून सरळ पाण्यात घातली. पाणी स्टिअरिंगला लागलं, चाकं जमिनीवरून सुटली, आणि गाडी पोहायला लागली! वायपर वल्ह्यासारखे चालू. बाजाराच्या तोंडाशी पोचलो, बहिणीचं छप्पर दिसतंय, तेवढ्यात नदीने गाडी उचलली आणि होती तिथे, उतारावर, नेऊन ठेवली. बॉनेट उघडलं तर आत दोन मासे, शेंगट्या. संध्याकाळी त्यांचंच कालवण.

बहिणीला दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी काढलं. ते गोष्टीत नसायचं.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली याचा हिशोब नाही. दर नारळी पौर्णिमेला बहीण राखी बांधायला यायची, तेव्हा तिच्यासमोरही सांगायचो. ती ताटात खाली बघून नारळीभात खायची.

मग माझ्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसेल, डाव्या बाजूचं गेलंय ते गेलं, गाडी चालवायची नाही. मी त्यांना सांगितलं की माझी गाडी स्वतःच बघते. आठवड्यानंतर मी शेजाऱ्याच्या कुंपणाला, चिऱ्याच्या गडग्याला, डावा दरवाजा घासला. घरी येऊन म्हणालो, गडगा पुढे सरकलाय.

बायको बाहेर आली, दरवाजा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"गडगा सरकलाय होय? उद्या माणूस सरकेल. गणपतीच्या आत गाडी जायला हवी."

गाडीची पंधरा वर्षं त्याच महिन्यात भरत होती. नव्याने पासिंग करून घेतो म्हणालो, म्हणजे विकायला बरं.

"पासिंग केलंत की परत बसाल आत. मी ओळखते तुम्हाला. गिऱ्हाईक मिळालं तर गिऱ्हाइकाला, नाहीतर भंगारात. पण गणपतीला ती मला अंगणात नको."

भंगारात! पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी! मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे, सकाळचं जेवलो नाही. तिला चालवणारा माणूस मिळायला हवा होता, तिच्यावर माया करणारा, एवढंच माझं मागणं होतं. माझे डोळे गेले, निदान तिची चाकं फिरू देत.

शेजारी म्हणजे गडग्याचाच मालक. मनाने फार चांगला. मला म्हणाला, "भाऊ, काळजी सोडा, मी मोबाईलवर टाकतो." आणि त्याने टाकलं. आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, आख्ख्या जिल्ह्यात. फोटो झकास काढलेला. खाली लिहिलेलं: "पुरात पोहलेली प्रसिद्ध गाडी विकणे आहे."

आता बाहेरच्या माणसाला यात काय वाईट ते कळणार नाही. आमच्याकडे कळतं. इकडे पूर ओसरला की महिनाभराने बाजारात गाड्या येतात, धुऊनपुसून, अत्तर मारून, निम्म्या किमतीत. घेणारा खूश. आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी भर रस्त्यात मरते. त्यामुळे आमच्याकडे जुनी गाडी घेणारा आधी इंजिन बघत नाही. तो खाली वाकतो, पायाखालच्या गालिच्याला नाक लावतो आणि कुत्र्यासारखा वास घेतो.

पहिलं गिऱ्हाईक पावसकडचा आंबा व्यापारी. सोबत मेस्त्री घेऊन आला. मेस्त्रीने वास घेतला. मग त्याने सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला, पार मुळापर्यंत, जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथपर्यंत. गाडीत पाणी शिरलं असेल तर तिथे गाळाची रेघ राहते. ती धुऊन जात नाही.

पट्टा कोरा होता.

"बघा!" मी म्हणालो.

"बघितलं," मेस्त्री म्हणाला. "बदललाय. काका, तुम्ही भलतेच हुशार. बाकीचे लोक पट्टा विसरतात."

"अहो, कंपनीचा आहे!"

"मग शेंगट्या कुठून शिरल्या, खिडकीतून?" व्यापारी हसून हसून गाडीला टेकला. गोष्ट त्याने पूर्वी माझ्याच तोंडून ऐकली होती, बायकोमुलांसकट. इंजिन न बघताच तो गेला, जाताना मात्र वायपर कसे चालले ते माझ्याकडून पुन्हा करून घेतलं. मीही करून दाखवलं. सवय.

पट्टा कोरा निघणारच होता. गाडी पाण्यात गेलीच नव्हती. उतारावर उभी होती, आणि मी तिच्या शेजारी. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा, आणि आता ती सांगितल्याशिवाय गाडी विकली जाणार नव्हती. पुढच्या चार जणांना मी सांगून पाहिलं. लाज गिळून, एकेकाला बाजूला घेऊन. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. एक म्हणाला, विकायची वेळ आली की सगळ्यांच्याच गाड्या कोरड्या होतात.

श्रावण संपत आला तेव्हा शेवटचा आला. आतल्या गावातला, चाळिशीचा. मुंबईत नोकरी होती ती सुटली आणि हा कायमचा घरी आलेला. त्याचं घर डोंगरावर, रिक्षा अर्ध्यात थांबते. आई अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं बोलवून खुर्चीत बसवून उतरवतात. त्याने गाडी आमच्या पाणंदीतून वर नेली, छोटा दांडा बरोबर वेळी ओढला, आणि वर पोचल्यावर इंजिन बंद न करता तसाच बसून राहिला, स्टिअरिंगवर हात ठेवून. मला वाटलं, हाच. माझ्या जिवात जीव आला. मी त्याला एकही थाप मारली नाही. माझ्या आयुष्यातला तो अर्धा तास बायकोने भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

अंगणात येऊन तो म्हणाला, "काका, गाडी मनात भरली. पण माझ्याकडे आहे ते एकदाच घालायचंय. वायच खरं सांगा. पाण्यात गेली होती?"

"नाही."

"मग सगळे सांगतात ते?"

"मीच सांगितलं त्यांना."

"मग आता जे सांगताय ते कशावरून?"

नदीला गाडी उचलायला लावणारा मी दरवाजावरचा ओरखडा हाताने पुसत राहिलो.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "यांच्या बहिणीला विचारा," ती म्हणाली. "ती तिथंच होती." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने फोन लावून, आवाज मोठा करून, चहाच्या ट्रेमध्ये ठेवला.

बायकोने तिला थोडक्यात सांगितलं. असं असं आहे, दादाची गाडी विकतोय, हे समोर बसलेत, ती पाण्यात गेली होती का ते तू सांग.

पलीकडे कुकरची शिटी झाली.

मग बहीण म्हणाली, "दादा, मी काय सांगू? तुला काय सांगायला हवंय?"

"खरं ते सांग गो."

"गाडी पाण्यात नव्हती," ती म्हणाली. "वर उतारावर होती, पिंपळाजवळ. लाल. माळ्याच्या जाळीतून दिसत होती मला. सकाळी दहापासून तीनपर्यंत होती. मी पिवळा टॉवेल हलवत होते. मग हात भरून आला म्हणून ठेवला. तीनला गाडी वळली आणि गेली." मग म्हणाली, "पाणी फार होतं हो त्या दिवशी. कोणीच उतरलं नसतं."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती कपांकडे बघत होती.

पिवळं काहीतरी हलताना मला दिसलं होतं. तेव्हा माझे डोळे शाबूत होते.

गिऱ्हाइकाने चहा संपवला. कप हळूच खाली ठेवला. मी वाट बघत होतो. जे होतं नव्हतं ते सगळं आता त्या ट्रेमध्ये पडलं होतं, त्याने फक्त उचलायचं होतं. तो उठला, बायकोला नमस्कार केला, आणि मी त्याला बेड्यापर्यंत, कुंपणाच्या दारापर्यंत, सोडायला गेलो. तिथे त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, बहीण मात्र लाखात एक हो तुमची," तो म्हणाला. "काय सांगू म्हणून आधी विचारलंन, आणि मग भावासाठी सगळं रचून सांगितलंन. पिवळा टॉवेलसुद्धा. माझ्यासाठी असं कोण बोललं नसतं."

"अरे, ती खरं..."

"असू दे, काका. मला राग नाय."

तो गेला. मी बेड्याशी उभा राहिलो. त्याची आई अजून खुर्चीतूनच उतरते, असं मागाहून कळलं.

गणपतीच्या चार दिवस आधी भंगारवाला ट्रक घेऊन आला. परजिल्ह्यातला होता, त्याला कसलीच गोष्ट माहीत नव्हती आणि ऐकायचीही नव्हती. त्याने वास घेतला नाही, पट्टा ओढला नाही. गाडी साखळीने ओढून घेणार होता. मी म्हटलं, चालू आहे, चालवत चढव. तो हसला, चावी फिरवली, आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्याला छोटा दांडा कसा ओढायचा ते मी खिडकीतून दाखवलं. दोन फळ्यांवरून ती एकेक पाऊल टाकत ट्रकवर चढली. सरळ. गडग्याला कुठेही न लागता.

गणपतीला बहीण एसटीने आली. दरवर्षी मी तिला खेडहून घेऊन यायचो. थांब्यावरून घरापर्यंत पिशवी तिनेच धरली, आणि चालली माझ्या डाव्या बाजूने, म्हणजे खड्डा आला की सांगता येईल. फोनचं ती बोलली नाही. मीही नाही. बायको तर त्या दिवसापासून माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती.

आरतीनंतर वाडी बसली, प्रसाद फिरला. शेजारी म्हणाला, "भाऊ, गाडी गेली तर गेली, गोष्ट तर आहे ना? होऊन जाऊ दे पुराची."

सगळे सरकून बसले. बायको उठून आत गेली. बहीण माझ्या डाव्या हाताला नारळ खवत बसली होती. त्या बाजूला मला काही दिसत नाही. तिला बघायचं तर मला आख्खी मान वळवावी लागते. खवणीचा आवाज थांबला.

"सांग की, दादा," ती म्हणाली.

मी सांगायला सुरुवात केली. या वेळी पाणी टपाच्याही वर गेलं. मान मात्र मी वळवली नाही.