ताटाभोवतीचं पाणी

अर्धांगवायूनंतर बाबांना नाकातल्या नळीतूनच भरवावं लागतं. आज दुपारी मी पेज गाळून सिरिंज हातात घेतली, तशी त्यांची बोटं चादरीवर गोल फिरली. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडायची त्यांची जन्माची सवय. उजवा हात गेला, म्हणून डावा. एरवी डावा हात त्यांनी ताटाला लावलाही नसता.

शेजारच्या काकू मला रोज बजावतात, "सकाळी उठल्याबरोबर देवाचे आभार मान गं. तुझ्याच प्रकृतीला बरं." मीही मानून बघते. चहाचे मानते, खिडकीतल्या उन्हाचे मानते. शब्द ओठांवरच वाळून जातात. आणखी कशाचे मानायचे? या नळीचे? ज्यांच्या जिभेला कित्येक महिन्यांत चव लागली नाही, त्यांच्या बोटांत मात्र अजून कृतज्ञता शिल्लक आहे. तिचा हेवा करावा की तिच्यासाठी रडावं, मला कळत नाही.

"बाबा, जेवायचं ना?" म्हणत मी नळीत पेज सोडली. पाणी फिरवून झालं होतं. पहिल्या घासासाठी बाबांनी तोंड उघडलं, आणि पेज संपेपर्यंत ते तसंच उघडं राहिलं.