फ्लेक्सवरची सुलतानबी

शाहूपुरीतल्या फर्निचरवाल्यांना चांगली गादी हवी असली की ते सुलतानबीला फोन लावत. साठी ओलांडलेली ही बाई शहराच्या कडेला, माळालगतच्या वस्तीत राहायची. नवऱ्यामागं कापूस पिंजायचं मशीन तिनं एकटीनं चालवलं. पोरगा अल्ताफ कागलच्या एमआयडीसीत कामाला, आणि गाद्या शिवायला हाताशी सून, रुबीना. जुनी गादी उसवली की दोघी तिचा कापूस माळावर उन्हाला टाकत. माळ म्हणजे काय, खुरटं गवत आणि मुरूम. एका अंगाला पोरांचं फुटबॉल, दुसऱ्या अंगाला शेजारच्या कृष्णातच्या म्हशी. बॉल कापसात पडला की सुलतानबी चार शिव्या हासडायची आणि परत फेकायची. असं सगळ्यांचं चाललं होतं.

त्याच माळावर महापालिकेनं गोल्फचं मैदान करावं की नको, असा विषय निघाला. राजवर्धन नावाचा एक बागायतदाराचा पोरगा त्यासाठी फार धडपडत होता. लोकांना खेळ कळावा म्हणून त्यानं माळावर एक दिवसाचा कार्यक्रम ठेवला आणि पाहुण्यांच्या बैठकीसाठी लोड-तक्के सुलतानबीकडून करून घेतले. गोल्फ असो नाहीतर बारसं, काम ते काम, म्हणून तिनंही केले.

कार्यक्रमादिवशी ती तक्के मांडायला गेली. मुरमावर हिरवी मॅट अंथरली होती. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं काठीनं बॉल मारत होती आणि मंडपामागं अर्धवट खाल्लेल्या ताटांचा ढीग वाढत होता. पनीर, गुलाबजाम, सगळं एकात एक कालवलेलं. सुलतानबीनं पदर नाकाला लावला. तेवढ्यात राजवर्धन काठी घेऊन आला.

"मावशी, एकदा मारून तर बघा की!"

"मला काय येतंय त्यातलं?"

"कुणाला येतंय? मारा!"

तिनं मारला. बॉल टुणकन उडून कुठल्या कुठं गेला आणि तिला हसू फुटलं. खरं सांगायचं तर मजा वाटली. कुणीतरी फोटो काढला, तिकडं तिनं लक्षही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णात पेपर घेऊन दारात उभा. "चाची, आमास्नी इकलंसा व्हय?"

"काय बडबडतोस किस्ना?"

त्यानं पेपर तिच्या पुढ्यात टाकला. 'गोल्फला कष्टकऱ्यांचाही कौल', आणि खाली काठी धरून हसणारी सुलतानबी. रुबीना खालची ओळ मोठ्यानं वाचायला लागली, "माळावरच्या रहिवासी सुलतानबी म्हणाल्या, या मैदानानं माझ्या नातवंडांचं..." आणि तिथंच थांबली. पेपर घडी करून तिनं कट्ट्यावर ठेवला आणि आत गेली.

सुलतानबीला नातवंडं नव्हती. रुबीनाचं दोनदा पोटातच गेलं होतं. त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

कुणीतरी मनगट धरून आपला हात त्या उष्ट्या ताटांच्या ढिगात घातलाय, असं सुलतानबीला झालं. तिनं राजवर्धनला फोन लावला.

"मावशी, एवढं काय मनाला लावून घेताय?" तो हसत म्हणाला. "तुमच्या भल्याचंच लिहिलंय. वाक्य जरा गोड केलं, एवढंच."

"तोंड माझं वापरलंसा, आणि जीभ तुमची व्हय?"

त्यानं फोन ठेवला.

आठवड्यानं महापालिकेनं लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. गोल्फच्या विरोधात उभा होता वस्तीतला ज्ञानू, निवडणुकीची हौस असलेला. "चाची, तुमी बोलायलाच पायजे," म्हणून त्यानंच तिला पुढं काढलं. माइक हातात आल्यावर तिनं पदर खोचला.

"पेपरात हाय ती मीच. बॉल मारला, हसले, ते बी खरं. पर मी एक शबुद बोलले न्हाय. मला नातवंड न्हाय! माझ्या सुनंचं दोनदा पोटातच गेलंय. नसलेल्या नातवंडांच्या नावानं माळ मागताय, लाज कशी वाटत न्हाय?"

हॉल टाळ्यांनी दणाणला. राजवर्धन मोबाइलमध्ये बघत बसला. सुलतानबीला वाटलं, आपण जिंकलो. मागं वळली तर बरोबर आलेली रुबीना खुर्चीवर नव्हती.

चार दिवसांनी वस्तीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. एका बाजूला हात जोडलेला ज्ञानू, दुसऱ्या बाजूला माइक धरलेली सुलतानबी, आणि मधे मोठ्या अक्षरांत 'नातवंडं नाहीत, पण अख्ख्या माळाची आजी!' पोरं त्याच्याखाली उभी राहून सेल्फी काढत होती.

सुलतानबी बघतच राहिली. राजवर्धनचं एक ठीक, तो परका. पण हा ज्ञानू? रुबीना दवाखान्यात पडली होती तेव्हा रिक्षा याचीच होती. त्यानंही तीच जखम उचलून चौकात टांगली. गोल्फवाले आणि गोल्फ नको म्हणणारे, तिला सगळ्यांच्या अंगाचा एकच वास यायला लागला.

ती घरातून शिडी आणि गादी कापायची मोठी कात्री घेऊन आली. शिडी लावली तर कुणीतरी खालून धरली. रुबीना होती.

"अम्मी, तुमी उतरा. मी चढते."

रुबीना वर चढली. तिनं आधी ती ओळ कापली, मग सुलतानबीचं तोंड. ज्ञानू पळत आला. "चाची, आवो काय करतायसा? तुमचा मानच केलाय की न्हवं!"

"तुझा मान तुझ्या घरात टांग," सुलतानबी म्हणाली. "परत आमचं नाव घेतलंस तर ही कात्री हाय." बघणाऱ्यांत एकजणही हसला नाही. कृष्णातनं ज्ञानूच्या खांद्याला धरून त्याला बाजूला नेलं.

घरी आल्यावर दोघींनी शिडी आत घेतली. मग रुबीना म्हणाली, "पेपरवाल्यांनी नुसतं नातवंडांचं लिवलं. पोटातलं हॉलमधी तुमीच सांगितलंसा अम्मी."

रागाच्या भरात सुलतानबीला हे सुचलंच नव्हतं. आता तिला स्वतःचीही शिसारी आली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

रुबीनानं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, ते सुलतानबीला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

गोल्फचा विषय महापालिकेनं पुढच्या सभेवर ढकलला, आणि त्या सभेनं त्याच्या पुढच्या. हिरवी मॅट माळाच्या कडेला तशीच कुजत पडलीय, ना गोल्फवाल्यांनी उचलली ना नको म्हणणाऱ्यांनी. माळावर अजून दोघी कापूस टाकतात. कुणी मोबाइल वर धरला की सुलतानबी पाठ फिरवते.