प्लास्टर निघेपर्यंतचा गेम

पाय मोडला तेव्हा मी सातवीत होते. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, धान कापून झालं होतं, आणि मी नि माझी मैत्रीण तिच्या भावाची सायकल घेऊन बोदलकसाच्या तलावावर गेलो होतो. ती चालवत होती, मी मागे कॅरिअरवर. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरताना ब्रेक लागलाच नाही. ती गवतात पडली, मी दगडांवर. तिला खरचटलंसुद्धा नाही. माझं मांडीचं हाड मोडलं.

मासे धरणाऱ्या दोघांनी मला उचलून रस्त्यावर आणलं. बाबा तेव्हा तिरोडा ते गोंदिया काळी-पिवळी जीप चालवायचे. निरोप मिळाला तसे ते गाडी घेऊन आले, आईलाही सोबत आणलं. आईनं मला पाहिलं आणि ती आधी माझ्याकडे नाही, मैत्रिणीकडे वळली. सगळ्यांसमोर तिला वाट्टेल ते बोलली. "तूनंच पाडलं माह्या पोरीले! पुन्हा आमच्या दारात पाय ठेवू नको!" मैत्रीण सायकलचं हँडल धरून उभी होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मला मागच्या सीटवर आडवी टाकून गोंदियाला नेलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हिलना नहीं बेटी, बिलकुल नहीं." तिथून परत आले ती कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये.

ओसरीत माझी बाज टाकली. आई बाजूलाच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. शाळा सुरू झाल्यावर वर्गातल्या मुली एकदा घोळक्यानं आल्या, प्लास्टर टिचकी मारून पाहिलं, आणि गेल्या. मैत्रीण त्यांच्यात नव्हती. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. तिचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. शाळा सुटायच्या वेळी मी मान उंच करून दाराकडे बघायची. ती आमचं घर टाळून मागच्या रस्त्यानं जाते हे मला आईकडून कळलं. आईच्या सांगण्यात थोडं समाधान होतं.

मग मी दाराकडे बघणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवण नको वाटायचं. आई ओरडायची, बाबा गाडीवरून आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे.

एका संध्याकाळी बाबांनी गोंदियाच्या बाजारातून व्हिडिओ गेम आणला. हातात मावणारा, निळ्या प्लास्टिकचा, छोट्या काचेवर काळे चौकोन खाली पडायचे. ते बटणं दाबून फिरवायचे, नीट बसवायचे, ओळ भरली की ती गायब. गाडी पळवायचा गेमही त्यातच होता, सापाचाही. डब्यावर हजारो गेम असल्याचं लिहिलं होतं, पण खरे मोजकेच, बाकी त्याच गेमचा वेग वाढवलेला. तरी आमच्या गावात तो तेव्हा कुणाकडेच नव्हता. बाबांनी दोन सेल टाकले आणि गेमनं टीं टीं करून सूर काढला. मी कितीतरी दिवसांनी भिंतीकडून तोंड वळवलं.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मैत्रीण आली. दप्तर दाराशी ठेवून उभी राहिली. आईनं मान वर केली नाही, विड्या वळत राहिली, पण काही बोललीही नाही. मला वाटलं, आईचा राग निवळला.

"दुखते का वं?" मैत्रिणीनं विचारलं.

"आता नाई दुखत."

"पाहू मले गेम."

त्यानंतर ती रोज यायला लागली. बाजेच्या कडेला बसायची, पाय हलवत. आधी माझा डाव, मग तिचा. माझा डाव लवकर संपायचा, तिचा संपता संपत नसे. तो गेम एकाच्याच हातात मावणारा. काच एवढीशी की बाजूला बसलेल्याला नीट दिसत नाही, उजेड पडला तर काहीच दिसत नाही. मग मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. चौकोन चुकीचा पडला की ती जीभ चावायची, ओळ भरली की नाक फुगवायची. खेळता खेळता शाळेतलं सांगायची. कोणाला मार बसला, कोणाच्या वेणीत बाभळीचे काटे अडकवले, गणिताच्या सरांनी काय शिकवलं. तिच्या वहीतून मी अभ्यास उतरवून घ्यायची. ती परत जाताना मला रोज वाटायचं, अजून थोडी थांबली असती तर बरं झालं असतं.

सेल संपले की बाबा न सांगता नवे आणायचे. बाकी कशाला ते इतके तत्पर नव्हते.

मधूनमधून ती विचारायची, "कधी निघते वं तुहं प्लास्टर?"

मी म्हणायची, "डॉक्टरले मालूम."

"लवकर निघायले पायजे."

हे ऐकून मला इतकं बरं वाटायचं! मी रात्री पडल्या पडल्या ठरवायची की पाय बरा झाला की पहिल्यांदा तिच्याच घरी चालत जायचं.

प्लास्टर काढायला गोंदियाला गेलो तेव्हा थंडी संपत आली होती. करवतीचा आवाज, पांढरा भुगा, आणि आतून निघालेला माझा पाय, वाळलेल्या काडीसारखा, माझा वाटेचना. कुबडी घेऊन ओसरीत आले. मैत्रीण आधीच येऊन बसली होती. मला पाहून हसली. मग बाबांकडे वळून म्हणाली, "काकाजी, सुटला ना आता पाय?"

"सुटला बाई," बाबा म्हणाले.

मी थकले होते. बाजेवर पडल्या पडल्या झोप लागली. उठले तर ती गेलेली होती. उशाशी हात फिरवला, गेम नव्हता. बाजेखाली पाहिलं, आईच्या सुपात पाहिलं, गोधडी झटकली.

"आई, माहा गेम?"

आई म्हणाली, "पाहू मंग. पहिले जेवून घे."

तिनं माझ्याकडे न बघता हे म्हटलं. मला वाटलं, मैत्रिणीनं एखाद्या दिवसासाठी नेला असेल. तसं तिनं सांगायला हवं होतं, एवढाच राग आला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी कुबडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले. पहिल्यांदा तिच्या घरी चालत जायचं ठरवलं होतं, तसंच झालं. ती अंगणात पायरीवर बसून गेम खेळत होती.

"माहा गेम दे," मी म्हटलं.

"तुहा नाई. माहा होय."

"काऊन? माह्या बाबानं आणला."

तिनं खेळ थांबवला नाही. "काकाजीनंच कबूल केलं. तुहं प्लास्टर निघेपर्यंत रोज येजो म्हणे, मंग गेम तुले. मी आली ना रोज. एकही दिवस खाडा नाई केला. पूस त्याहीले."

ती काही वाकडं तोंड करून बोलली नव्हती. ठरल्याप्रमाणे काम केलं, ठरल्याप्रमाणे वस्तू मिळाली, असं सरळ सांगत होती. मी तिथून घरी कशी आले ते आठवत नाही. कुबडी काखेत रुतत होती एवढं आठवतं.

बाबा जीप धूत होते. मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले.

"तुमी तिले गेम कबूल केला होता?"

त्यांनी फडकं पिळलं. मी आता ओरडणार हे त्यांना दिसत असावं. "हाव," ते म्हणाले.

"मैतरीण इकत आणली तुमी?"

"आणली. मंग? तू भिंतीकडं तोंड करून पडून राहत होती. घास जात नोता तुह्या पोटात. मी गेलो त्याहीच्या घरी, तं ती पोरगी भेऊन आतच पळाली. तुह्या मायचं बोलणं लागलं होतं तिले. काही केल्या यायले तयार होईना. मंग गेमचं बोललो, तं आली." आणि वर म्हणाले, "हासत तं होती ना तू?"

हसत होते, हेच तर माझ्या अंगावर आलं. ते सगळे दिवस मला पाठ होते. तिचं नाक फुगवणं, तिनं सांगितलेल्या गोष्टी, तिचं ते 'लवकर निघायले पायजे'. एकेक आठवून मी त्यातलं खरं काय ते शोधत बसले. ती माझ्या पायासाठी विचारत नव्हती. गेम कधी मिळणार ते विचारत होती. आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, तिच्या घरच्यांना माहीत होतं. ओसरीत बसून सगळे जण बघत होते, आणि खरं समजून जगणारी मी एकटीच होते.

बाबांनी नंतर दुसरा गेम आणला. तसाच, फक्त लाल. मी तो हातात घेतला नाही. बरेच दिवस तो देव्हारा नसलेल्या आमच्या घरात बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर पडून होता. शेवटी बाबांनी तो कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या पोराला देऊन टाकला. शाळेत मी बाक बदलला. मैत्रीण एकदोनदा बोलायला आली, मी मान फिरवली. दहावीनंतर ती शिकायची थांबली, मी कॉलेजसाठी गोंदियाला गेले.

लोकांना वाटेल, एवढ्याशा खेळण्याचं काय घेऊन बसली. पण माझ्यात एक खोड कायमची बसली. कुणी मला भेटायला आलं की मला आधी वाटतं, हिला कोणी पाठवलं? होस्टेलवर ताप आला तेव्हा खोलीतल्या मुलीनं रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सकाळी मी तिला विचारलं, "बाबांचा फोन आला होता का?" तिला कळलंच नाही मी काय विचारते आहे.

लग्नासाठी मला पाहायला मुलगा आला, तेव्हा दोघांना बोलायला म्हणून परसात पाठवलं. तो नोकरीबद्दल सांगत होता. मी मध्येच म्हटलं, "माझ्या बाबांनी तुम्हाला काय कबूल केलंय?"

त्याचा चेहरा उतरला. "आम्ही काहीच मागितलं नाही. आमच्या घरात हुंडा घेत नाहीत."

"हुंडा नाही. दुसरं काही?"

तो उठून उभा राहिला. लग्न मोडता मोडता राहिलं. मग मी त्याला गेमची गोष्ट सांगितली. ती सांगितलेला तो पहिला माणूस. तो हसला नाही, म्हणून मी हो म्हटलं.

लग्नानंतर आम्ही गोंदियातच राहिलो. दिराचा मुलगा शाळेसाठी आमच्याकडे होता. त्याला तसलाच हातातला गेम हवा होता, पण आता रंगीत, चांगला, टीव्हीसारखा दिसणारा. नवऱ्यानं मला विचारलं, "घ्यावा का? कामाचा असतो का तो?" मी म्हटलं, खेळ चांगला असतो. बोटं शिकतात, वेळ जातो, आजारी माणसाला दुखणं विसरायला होतं. हे मी खरंच सांगत होते, कारण माझं दुखणं मी विसरले होते. त्यानं आणला. पोरगा खूश. त्याचे मित्र खेळायला यायचे, त्यांना मी चहा-बिस्किटं दिली, पण 'रोज या' असं एकदाही म्हटलं नाही.

मैत्रीण भेटली ती कोहमाऱ्याला. मी नवेगावहून नात्यातलं एक लग्न उरकून परतत होते, गोंदियाची गाडी पकडायला फाट्यावर उतरले. ढाब्याच्या बाकावर ती बसली होती, मांडीवर झोपलेलं लेकरू. तिनंच मला ओळखलं.

"पाय कसा आहे वं?"

"बरा आहे."

मी तिच्या बाजूला बसले. घरचं, सासरचं झालं. मग तिनं स्वतःच विषय काढला. "तुह्या मायनं मले रस्त्यावर किती शिव्या घातल्या! मले वाटे, पाय माह्यामुळंच मोडला. भेव लागे तुह्या घरी यायले. काकाजी आले नसते तं मी आलीच नसती."

"गेमसाठी आली."

"सुरुवातीले गेमसाठीच. मंग सवय झाली. तुह्या घरी आल्याबिगर करमत नोतं."

किती वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर आतून काहीतरी सैल पडायला हवं होतं. मी विचारलं, "करमत नोतं, तं मंग गेम काऊन नेला? प्लास्टर निघालं त्याच दिवशी?"

तिनं लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. विचार करावा लागला नाही तिला.

"मले पायजे होता ना तो," ती म्हणाली.

भावानं तो खोलून पाहिला आणि पुन्हा लागलाच नाही, असंही तिनं सांगितलं. तेवढ्यात साकोलीची गाडी आली. लेकराला खांद्यावर टाकून ती उठली. चढता चढता मागे वळून म्हणाली, "येजो एकदा घरी."

मी हो म्हटलं. गेले नाही.