एक कल्ला खाली

दाजींचं केस कापायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीलगत एक बाक. त्या बाकावर बसून मी तीस वर्षं फुकट पेपर वाचला. दाजी माझ्या बहिणीचे यजमान, आणि मेहुण्याला ऊठ म्हणायची हिंमत कोण करणार? तसेही दाजी बोलणाऱ्यातले नव्हेत. गिऱ्हाईक बोलेल ते ऐकायचं, ‘हं’ म्हणायचं आणि मान वाकवायची, तीही गिऱ्हाइकाची.

त्यांचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. वर्षातून एकदा चार दिवसांची सुट्टी काढून यायचा, आणि येताना डोक्याचं पार रान करून यायचा. आधीचे तीन महिने केसांना कुणाला हात लावू द्यायचा नाही. बॅग दारात टाकली की थेट खुर्चीत, चहासुद्धा नंतर. बापलेकाचं काय बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात, आरशातल्या आरशात. एरवी दोघेही घुमे.

या वर्षी तो आला तो केस कापूनच.

दाजींच्या हातात सकाळीच इस्त्री केलेलं पांढरं कापड होतं. त्यांनी ते झटकलं, परत घडी घातली आणि गाडीत जागा मिळाली का, एवढंच विचारलं. माझं मात्र डोकं फिरलं. मागाहून कळलं, हा शहाणपणा माझ्या बहिणीचा. दाजींचा उजवा हात हल्ली थरथरतो, जुनी गिऱ्हाइकं एकेक करून पांगली, हे तिने फोनवर सांगितलं होतं. बापाची फजिती नको म्हणून पोराने तिकडेच उरकून घेतलं. चांगलं करायला जायचं आणि नेमकं जिव्हारी लावायचं, ही आमच्याकडची जुनी खोड.

त्यात तिकडच्या कारागिराने घाई केलेली. डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धं पेर खाली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण दाजींना तीन दिवस दुसरं काही दिसेना. जेवताना नजर तिथे, पत्ते खेळताना नजर तिथे. मी म्हटलं, करून टाका सारखा. तर म्हणाले, हाताचा भरवसा नाही. बिघडलं तर पोरगं पुन्हा खुर्चीत बसायचं नाही, आणि कीव येऊन बसलं तर ते त्याहून वाईट.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगा निघायच्या तयारीत बूट घालत होता. गाडीला तासभर उरला होता.

“बस जरा खुर्चीत,” दाजी म्हणाले. “कल्ला खाली आहे.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर तोंडासमोर धरला.

एक बूट पायात, एक हातात, तसाच तो बसला. दाजींनी डावा हात त्याच्या गालावर टेकवला, त्यावर उजवं मनगट रोवलं आणि वस्तरा लावला. डावा कल्ला जरा जास्तच वर गेला. मग उजवा वर घ्यावा लागला, तो त्याहून वर गेला. दोन मांजरांना लोणी वाटणाऱ्या माकडासारखं चाललं होतं. एकदा कापलंही, त्यावर तुरटी फिरवली. मुलगा हलला नाही. आरशात बघून सांगत होता, साहेब कटकट्या आहे, घरात उजेड चांगला येतो, एकट्याला जेवण जात नाही. तीन दिवसांत यातलं अक्षरही बोलला नव्हता. कल्ले कानाच्या वर जाऊन संपले तेव्हा दाजी थांबले.

गाडी अर्थातच चुकली. संध्याकाळची मिळाली, म्हणून दुपारी सगळे पुन्हा एकत्र जेवलो. दाजींनी भात दोनदा घेतला.

तो गेल्यावर मी म्हटलं, पोराचं पार ध्यान केलंत.

“केलं खरं,” दाजी म्हणाले. “पण चाळीस मिनिटं हाताखाली बसला. मला पुष्कळ झालं.”

या माणसाला मी इतकी वर्षं दगड समजत होतो. माझी मलाच लाज वाटली.

तीन महिन्यांनी मुलाचा फोन आला, तो दाजींनीच घेतला. केस कानावर आलेत, इथे कुणाला हात लावू देत नाही, पुढच्या महिन्यात सुट्टी टाकलीय, असं तो म्हणाला. दाजी ‘हं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला बाकावरून उठवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि म्हणाले, “हलू नकोस. महिनाभर सराव करायचाय.”