बारावा भार

बाईंना मुलं वजाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. लांबलचक बेरीज दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. वर्तुळावर सारख्या अंतरावर बारा सारखे विद्युतभार ठेवले, तर मध्यावर त्यांचं क्षेत्र शून्य. प्रत्येकाचा जोर समोरचा मारून टाकतो, हे कोणीही सांगेल. आता त्यातला एक उचला. उरलेल्या अकरांची बेरीज करत बसाल तर तास संपेल. बाई म्हणायच्या, पूर्ण वर्तुळ आहे असंच धरा आणि गेलेला वजा करा. उत्तर येतं त्या एकट्याच्या जोराएवढं, फक्त उलट्या दिशेला, म्हणजे त्याच्या रिकाम्या जागेकडे.

हे त्या फळ्यावर शिकवत नसत. प्रयोगशाळेतली टेबलं भिंतीला सरकवायची, हातात काठ्या देऊन बारा मुलं गोलात उभी करायची आणि मध्ये तेरावा. सगळ्यांनी त्याला सारख्याच जोराने ढकलायचं. तेरावा जागचा हलत नसे. मग बाई एकाला हळूच बाहेर काढत, आणि मधला भेलकांडत बरोबर त्या मोकळ्या जागेकडे जाई. मुलं खिदळत. एकदा शिकलेलं पोरगं ते जन्मात विसरत नसे.

असं शिकवणारी बाई एकोणीस वर्षं हंगामी होती. कायम झाल्या असत्या तर आवारातलं तळमजल्याचं क्वार्टर मिळालं असतं, आणि त्यांचा सगळा जीव त्या क्वार्टरमध्ये अडकला होता. आईला घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर राहत. जिना अरुंद, आईचे गुडघे कामातून गेलेले. म्हातारी चार वर्षांत जमिनीवर उतरली नव्हती. बाई घरी जाताना त्या बंद क्वार्टरच्या खिडकीतून आत डोकावून जात. एकदा मलाही दाखवलं त्यांनी, आईची खाट इथे, कुंड्या पायरीवर, आणि दार उघडं ठेवायचं दिवसभर. वयाच्या अटीमुळे त्या वर्षीची मुलाखत त्यांची शेवटची होती.

विभागप्रमुखांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांनी लिहिलेलं एक गाईड होतं, मुलं तेच घोकत. त्यात हेच गणित होतं, बारातला एक काढलेला, आणि उत्तर छापलेलं, 'सममितीमुळे शून्य'. सममिती दिसली की साहेबांचा हात आपोआप शून्याकडे वळे; मोजून बघायची तसदी कोण घेतो? बाईंनी ती चूक दाखवली, तीही स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत. त्यांना काय, उत्तर चुकलंय एवढंच दिसलं. साहेब हसून म्हणाले की हंगामी माणसांनी कायमच्या गोष्टींत नाक खुपसू नये. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण मीही हंगामीच होतो.

जागा एक आणि उमेदवार आम्ही दोघं. बाई मला धाकटा भाऊ मानायच्या. ते गणित माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं तेव्हा त्यांनीच तीनदा समजावलं होतं, न चिडता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या चहाचा कप तसाच धरून बसल्या होत्या. साहेब उद्या मुद्दाम तेच विचारणार, अशी त्यांची खात्री होती.

"खरं सांगू, की त्यांचं सांगू?" त्यांनी मला विचारलं.

"बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मी म्हणालो. "आईंकडे बघा. शून्य म्हणा आणि मोकळ्या व्हा."

गाईडची नवी आवृत्ती तेव्हा छापून आली होती, अजून कोणी पाहिली नव्हती. तिची प्रुफं मी तपासली होती. त्यात ते उत्तर दुरुस्त केलेलं होतं, बाईंच्या रीतीने, जवळजवळ बाईंच्याच शब्दांत. हे मला माहीत होतं. साहेबांनी मला काही शिकवून पाठवलं नव्हतं. केसाने गळा कापायची अक्कल माझी स्वतःची. चहा मात्र बाईंनी पाजला होता.

आत काय झालं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण साहेब तो किस्सा पुढे वर्षानुवर्षं रंगवून सांगत. प्रश्न तोच निघाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं बाई म्हणाल्या, "शून्य." बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मान वर केली. साहेबांनी नवं पुस्तक पुढे सरकवलं आणि बाईंनाच उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. बाईंनी वाचलं, आपलीच वाक्यं, अडखळत.

"एकोणीस वर्षं मुलांना हेच शून्य शिकवलंत?" साहेबांनी विचारलं.

हे माझंच आहे, असं बाई बोलल्या नाहीत. बोलून तरी कोणाला पटणार होतं? ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि शून्य तर त्यांच्याच तोंडून निघालेलं.

त्यांना पुन्हा हंगामीही घेतलं नाही. क्वार्टर मला मिळालं. त्यांची आई दोन वर्षांनी खाली उतरली, ती स्ट्रेचरवरून, आणि वर परत गेली नाही. मी त्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला आहे.

याची लाज मला वाटते, पण निभते. निभत नाही ते वेगळंच आहे. बाई मुलाखतीतून बाहेर आल्या तेव्हा मी दारापाशी बाकावर बसलो होतो, माझाच नंबर पुढचा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिपायाने मला हाक मारली तशा त्या लगबगीने माझ्याजवळ आल्या, वाकल्या, माझी कॉलर नीट केली.

"अरे, शून्य म्हणू नकोस हं," त्या कुजबुजल्या. "पुस्तकात बदललंय. माझं झालं तसं तुझं नको व्हायला."

"बरं झालं सांगितलंत, बाई," मी म्हणालो. आणि आत जाऊन, त्यांनी शिकवलं होतं तसं, एका दमात बरोबर उत्तर दिलं.