परीच्या शेवटच्या दोन ओळी

होरेस कॉप्ले नावाच्या माणसाला साधी शीळसुद्धा सुरात घालता येत नव्हती. तरी समुद्रकाठच्या त्याच्या थिएटरच्या पाटीवर दर नाताळात झळकायचं, 'गीते व संगीत : होरेस कॉप्ले'. ते वाचलं की एड्ना थ्रेलफॉलला किळस यायची. अकरा वर्षं सगळी गाणी तिनंच लिहिली होती.

सोळाव्या वर्षी ती तिथे मागच्या रांगेत नाचायला लागली. नाताळात पोराबाळांसाठी परीकथेचं गाण्या-विनोदांचं नाटक होतं, त्याला पँटोमाइम म्हणतात; त्यातला राजपुत्र बाईनंच व्हायचा असतो. पाय देखणे होते तोवर एड्ना राजपुत्र झाली, गुडघे कुरकुरू लागले तशी परी झाली. धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बायका तिची गाणी गुणगुणायच्या आणि कॉप्लेला सलाम ठोकायच्या. यंदा तर लंडनचा प्रकाशक त्या गाण्यांचं पुस्तक काढणार होता. कव्हरवर कॉप्लेचा फोटो.

"माझं नाव घाला," एड्ना म्हणाली.

"राणी, परीनं असं भांडायचं असतं का?" कॉप्ले गोड हसला. "गाणी कंपनीची. आणि कंपनी म्हणजे कोण? मी!"

म्हातारीचं सोंग घेणारा आल्फ ऑर्मरॉड शेजारी ओठ रंगवत होता. "गिळ गं बाई," तो म्हणाला. "इथं सगळ्यांनीच गिळलंय." त्या शहाणपणाचाही तिला वीट आला.

पण पँटोमाइमच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कुणी उच्चारत नाही. उच्चारल्या तर खेळ पडतो, अशी नटांची पक्की समजूत. त्या जागी परी नुसतं 'ला ला ला' करते. ओळी एड्नाच लिहायची, एड्नाच म्हणायची. त्या काय आहेत हे विचारायची कॉप्लेचीही छाती नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला खेळ झाला. नऊशे माणसं, संत्र्यांच्या साली, ओल्या कोटांचा कुबट वास. प्रकाशक पुढच्याच रांगेत, कॉप्लेला खेटून. राजपुत्राचं लग्न लागलं आणि एड्ना छडी घेऊन पुढे आली.

"राजाराणी सुखात नांदोत, ऐका आता खरी कहाणी,
कॉप्लेसाहेबांचं नाव वरती, पण माझी सारी गाणी!"

कॉप्लेचा चेहरा पांढराफटक पडला. मग पाचव्या रांगेतली एक चिमुरडी आनंदानं किंचाळली, "नाहीत तुझी!"

पँटोमाइममध्ये परी असो की राक्षस, रंगमंचावरून कुणी ठासून काही सांगितलं की उलट ओरडायचं, हे तिथलं मूल बोलायला लागल्यापासून शिकतं. अख्खं थिएटर गरजलं, "नाहीत तुझी!"

"माझीच आहेत!"

"नाऽऽहीत!"

"अहो, देवाशपथ माझी आहेत हो!" तिचा आवाज फाटला. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. प्रकाशक डोळे पुसत कॉप्लेची पाठ थोपटत होता, "काय डोकं लढवलंत, साहेब!" आणि तो निर्लज्ज उभा राहून लोकांना मुजरे करत होता.

तेवढ्यात नटीच्या सवयीनं एड्नाचा हात आपोआप उठून कानामागे गेला. ऐकू येत नाही, आणखी मोठ्यानं! नऊशे जणांनी छप्पर हादरवलं आणि ती हसत हसत वाकली. स्वतःची एवढी किळस तिला जन्मात आली नव्हती.