लायदीच्या नावातला भाऊ

नाव कळलं की लायदीचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: "मीनिंग?" टोरोंटोच्या आमच्या गल्लीत टपाल टाकणाऱ्या ब्रायनलाही तिने सोडलं नव्हतं. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाचा अर्थच ठाऊक नव्हता. पुढे तो तिच्या दारात पत्रं टाकून काढता पाय घ्यायचा.

आम्ही तिच्या शेजारी राहायला आलो, त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता तिने मलाही गाठलं. विनया म्हणजे नम्र, मी सांगितलं.

"अँड ब्रदर?"

विक्रम. म्हणजे पराक्रम. ती फावड्यावर रेलून खो खो हसली. "भावाला तलवार, तुला मान खाली. चायना, इंडिया, सेम सेम!"

ती वयाने मोठी, म्हणून मी तिला अगदी आदराने 'लाय-दी' म्हणत असे. 'दी' म्हणजे दीदीच, अशी माझी पक्की समजूत. एकदा तसं बोलून गेले, तर तिने कपाळावर हात मारला. "दी इज लिटल ब्रदर!" तिच्या नावाचा अर्थ होता 'ये, भावा'. मुलगी झाल्यावर हिरमुसलेल्या आईबापांनी पुढच्या मुलाला धाडलेलं बोलावणं.

"आय ॲम नॉट नेम. आय ॲम इन्व्हिटेशन," ती म्हणाली. "आणि पाहुणा आला, बरं का! तो शाळेत गेला, मी घरी राहिले."

मी तिला माझ्या वर्गातल्या नकुशीबद्दल सांगितलं. मुलगी नको होती, म्हणून नकुशी. लायदी म्हणाली, "माझ्या नावात निदान 'ये' तरी आहे." त्या दिवशी 'सेम सेम' काही तिच्या तोंडून निघालं नाही.

पुढे तिच्या लेकीला, मेईला, मुलगी झाली आणि विहिणीने नाव सुचवलं, पानदी. म्हणजे भावाची आस. लायदी तणतणत माझ्या स्वयंपाकघरात आली.

"पुन्हा इन्व्हिटेशन! जावई आईपुढे बोलत नाही, मेई सासूपुढे बोलत नाही. तुमच्यात नाव कसं ठेवतात?"

मी बारसं समजावलं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते.

"मग चेंज?"

"छे! एकदा सांगितलं की सांगितलं."

"गुड," म्हणत ती चहा अर्धा टाकून उठली.

नंतर ती मंडळी कॅलगरीला गेली. पण लायदी म्हटलं की मला बाळाला महिना झाल्याची ती मेजवानीच आठवते. टेबलावर लाल रंगवलेली अंडी मांडलेली. विहीणबाई नाव जाहीर करायला उभ्या राहिल्या, तोच लायदीने बाळाच्या कानाशी वाकून दणदणीत कुर्रर्र केलं आणि काहीतरी पुटपुटली.

"इंडियन रूल! फिनिश!" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मीही शक्य तितकी गंभीर मान डोलावली.

"पण आत्या?" मी हळूच विचारलं.

"आय ॲम आत्या!"

नाव होतं नुसतं 'लाय'. ये. विहीणबाई कडाडल्या, "ये म्हणजे कोणाला ये?"

लायदी तोंड उघडणार, इतक्यात मेईने बाळाला उचलून छातीशी धरलं. आधी चिनीत सासूला आणि मग इंग्रजीत मला, ती शांतपणे म्हणाली, "कोणालाच नाही. हीच आली."